१४० पेपर उतरवले, तरी आढावा का लिहिला जात नाही?

तुम्ही लिहिलंय की एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि बडोद्यातल्या बारावी सायन्सच्या मुलांची परीक्षेची चिंता हा डेझर्टेशनचा विषय आहे. तीन महिन्यांत १४० संशोधन-पेपर डाउनलोड करून घेतलेत, त्यातले तीसेक वाचलेत, २२ पानं लिहिलीत आणि गाइडनी ती परत देताना 'ही यादी आहे, आढावा नाही' एवढंच म्हटलं. आता आणखी किती पेपर वाचू, असं तुम्ही विचारताय.

आणखी वाचू नका, निदान आत्ता तरी. मी बडोद्यातच गेली २६ वर्षं विद्यार्थ्यांची डेझर्टेशनं आणि प्रबंध पाहते आहे. लिटरेचर रिव्ह्यूपाशी, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यापाशी अडलेली मुलं बहुतेक वेळा भरपूर वाचलेली असतात; त्या वाचनाला काय विचारायचं हे मात्र त्यांनी ठरवलेलं नसतं. तुम्ही नमुन्याला दिलेली दोन पानं वाचली. प्रत्येक परिच्छेद 'अमुक यांनी अमुक साली इतक्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला व त्यांना असे आढळले की' असा सुरू होतो. तुम्ही मेहनत घेतलीय हे त्यातून दिसतं. पण परीक्षेच्या चिंतेबद्दल नक्की काय ठाऊक आहे, कशावर वाद आहे आणि बडोद्याच्या मुलांना त्यातलं किती लागू धरायचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. गाइडना तेच म्हणायचंय.

आधी एक खुलासा. आढावा किती मोठा आणि किती काटेकोर हवा, हे परिस्थितीवर ठरतं. एम.ए.च्या डेझर्टेशनला साधा, मुद्देसूद आढावा पुरतो. पीएच.डी.ला त्याहून खोल जावं लागतं. 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' हे तर वेगळंच काम आहे: त्यासाठी प्रिस्मा नावाची २७ मुद्द्यांची ठरीव यादी आहे (तिची सुधारित आवृत्ती २०२०ची), निकष आधी जाहीर करावे लागतात, आणि पेपर निवडायला सहसा दोन माणसं स्वतंत्रपणे बसतात. तुमच्या गाइडना यातलं काय अपेक्षित आहे ते सरळ विचारून घ्या. काही ठिकाणी 'भारतातील अभ्यास' आणि 'परदेशातील अभ्यास' असे दोन भाग पाडायची सक्ती असते. असेल तर पाडा, पण प्रत्येक भागाच्या आत मात्र मुद्द्यांप्रमाणे लिहा, लेखकांप्रमाणे नको.

आता मूळ गोष्ट. 'परीक्षेची चिंता' हा विषय झाला. प्रश्न अजून झालेला नाही. विषयावर वाचत गेलं तर वाचन कधीच संपत नाही, कारण प्रत्येक पेपर थोडाफार संबंधित वाटतोच. प्रश्न असा हवा की एखादा पेपर हातात घेतल्यावर 'याचं उत्तर इथे आहे' किंवा 'इथे नाही' हे पाच मिनिटांत सांगता यावं.

तुमच्याच विषयातून एक काढून दाखवते. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ साली परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे केले. एक डोक्यातला: 'नापास झाले तर? घरचे काय म्हणतील?' असं सतत चालणारं विचारचक्र. दुसरा अंगातला: हाताला घाम, छातीत धडधड, पोटात गोळा. एखाद्या मुलीचे फिजिक्सच्या पेपरआधी हात थरथरतात, पण पेपर हातात पडला की ती नीट लिहिते. दुसरा मुलगा वरून शांत दिसतो आणि पहिली वीस मिनिटं बाबांनी भरलेल्या क्लासच्या फीचा विचार करत बसतो. मार्कांवर परिणाम जास्त कशाचा? संशोधनाचा एकंदर कल सांगतो की पहिल्याचा, म्हणजे डोक्यातल्या काळजीचा. आता तुमचा प्रश्न असा होऊ शकतो: गुजरात बोर्डाच्या बारावीच्या मुलांत मार्कांशी काळजीचा संबंध अंगातल्या लक्षणांपेक्षा जास्त आहे का? हा प्रश्न घेऊन १४० पेपरांकडे गेलात तर त्यातले शंभर तरी बाजूला पडतील असा माझा अंदाज आहे. पडू द्या. डाउनलोड केलाय म्हणून वापरायलाच हवा असं काही नाही.

शोधण्याबद्दल थोडं. तुम्ही फक्त गूगल स्कॉलर वापरलंय. सुरुवातीला ते चांगलं, पण ज्याचे दाखले खूप दिले जातात असे पेपर तिथे वर येतात, त्यामुळे जुनं आणि प्रसिद्ध तेवढंच डोळ्यांसमोर राहतं. शिवाय तोच शोध महिन्याभराने जसाच्या तसा पुन्हा करता येत नाही. मानसशास्त्राचा मुख्य डेटाबेस सायकइन्फो. तो महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या लॉगिनमधून मिळतो का ते तिथल्या हंसा मेहता लायब्ररीत विचारा. जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठांना मोठ्या प्रकाशकांची हजारो जर्नलं खुली झाली आहेत, त्यामुळे पूर्वी पैसे मागणारा पेपर आता कॅम्पसवरून उघडतोय का तेही पाहा. शिक्षणाशी संबंधित विषयाला एरिक हा डेटाबेस फार उपयोगी आणि फुकट आहे. वैद्यकीय संशोधनाचा पबमेडही फुकट आहे.

प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह असलेली शोधगंगा तर आपल्या शेजारचीच, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची. यूजीसीच्या २००९च्या नियमांनंतर देशभरातले पीएच.डी. प्रबंध तिथे जमा होऊ लागले. विद्यार्थी प्रबंध टाळतात, कारण ते जाडे असतात. मी मात्र आवर्जून वाचायला लावते. जिथे 'काही फरक आढळला नाही' असा निष्कर्ष निघतो तो अभ्यास जर्नलपर्यंत सहसा पोचत नाही, कपाटातच राहतो. रोझेन्थालने १९७९ साली याला फाइल-ड्रॉवरचा प्रश्न म्हटलं. प्रबंधात मात्र निकाल काहीही लागो, तो लिहून द्यावाच लागतो. म्हणून फक्त छापील पेपर वाचणाऱ्याला सगळीकडे 'लक्षणीय संबंध' दिसतो, आणि प्रबंधही वाचणाऱ्याला खरं चित्र जरा जास्त दिसतं.

कीवर्ड बदलून बदलून वापरा. 'टेस्ट अँग्झायटी' ही संज्ञा मँडलर आणि सॅरॅसन यांच्या १९५२च्या कामापासून रुळली, पण भारतातले पेपर 'एक्झामिनेशन स्ट्रेस', 'अ‍ॅकॅडेमिक अँग्झायटी', 'अ‍ॅकॅडेमिक स्ट्रेस' अशा नावांखाली विखुरलेले आहेत. हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे नाहीत. वर्षभराच्या अभ्यासाचा ताण वेगळा आणि हॉलतिकीट हातात आल्यावरची भीती वेगळी. तुमच्या पानांत हे दोन्ही एकत्र झालेत. प्रत्येक शोधाची नोंद वहीत ठेवा: तारीख, डेटाबेस, शब्द, किती पेपर आले, किती ठेवले. दोन मिनिटांचं काम आहे, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) 'तुम्ही हेच पेपर का निवडले?' असं विचारलं की हीच वही उत्तर देते.

वाचायला घेताना क्रम उलटा लावा. एकेकट्या छोट्या अभ्यासापासून सुरुवात नको, अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या मोठ्या मेटा-अ‍ॅनालिसिसपासून करा. हेम्ब्री यांचा १९८८चा पेपर ५६२ अभ्यास एकत्र करतो. परीक्षेची चिंता वाढली की कामगिरी खालावते आणि उपचारांनी चिंता कमी झाली की मार्क सुधारतात, असं तो सांगतो. व्हॉन डर एम्बसे आणि सहकाऱ्यांचा २०१८चा पेपर पुढच्या तीस वर्षांतले २३८ अभ्यास घेतो. हे दोन नीट वाचलेत की रस्त्याचा नकाशा हातात येतो.

पण मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. मानसशास्त्रात हे आम्हाला फार महागात शिकावं लागलं. 'इच्छाशक्ती वापरली की ती थकते' ही कल्पना १९९८मध्ये बाउमाइस्टर यांच्या प्रयोगातून पुढे आली. २०१०च्या मेटा-अ‍ॅनालिसिसने १९८ चाचण्या जमवून परिणामाचा आकार ०.६२ काढला, म्हणजे मध्यमाहून जरा जास्तच. वर्गात मी ते ठामपणे शिकवत होते. मग २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी आधीच ठरवलेल्या एकाच पद्धतीने २,००० हून जास्त लोकांवर प्रयोग केला, आणि परिणाम जवळपास शून्य निघाला. आधीच्या १९८ चाचण्या खोट्या होत्या असं कोणी म्हणत नाही. पण कपाटात राहिलेले अभ्यास त्या बेरजेत नव्हते, हे एक मोठं कारण मानलं जातं. त्याच्या पुढच्याच वर्षी सावनी आणि जोब यांनी भारतीय सहभागींवर उलटाच निकाल मांडला: आधी संयमाचं काम केलेले लोक पुढच्या कामात जास्त चांगले ठरले. त्यामुळे मेटा-अ‍ॅनालिसिस वाचताना प्रकाशनाचा कल (लक्षणीय निकालच छापले जाण्याचा) तपासलाय का, अप्रकाशित अभ्यास घेतलेत का आणि त्यातले सहभागी कुठले, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावा. तिसरा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा. आर्नेट यांनी २००८मध्ये अमेरिकेतली आघाडीची मानसशास्त्रीय जर्नलं तपासली तेव्हा सहभागींचे ९६ टक्के गट पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. तुम्ही एक्सेल शीट केलीय हे चांगलं, पण त्यात लेखक, साल, सॅम्पल, निष्कर्ष एवढेच रकाने आहेत. आणखी चार घाला: कोणती स्केल (चिंता मोजायची प्रश्नावली) वापरली, ती मुलांच्या भाषेत कशी आणली, संबंधाचा आकडा किती, आणि तुमची स्वतःची शंका. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो पेपर तुम्ही अजून वाचलेला नाही असं समजा.

एक ओळ भरून पाहू. समजा, एका पेपरात एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली १२० मुलं आहेत आणि चिंता व मार्क यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे सांगणारा, उणे १ ते अधिक १ मधला आकडा) उणे ०.२२ आलाय. लेखक म्हणतात, 'लक्षणीय नकारात्मक संबंध आढळला.' आकड्याचा वर्ग करा: ०.०४८. म्हणजे मार्कांमधल्या फरकातला सुमारे ५ टक्के भाग चिंतेशी जोडता येतो, बाकी ९५ टक्के दुसरीकडे आहे. शिवाय १२० मुलांवरून काढलेल्या या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असं धरता येतं तो पट्टा, उणे ०.०४ ते उणे ०.३८ एवढी पसरट आहे. आता समजा, दुसऱ्या पेपरात ९० मुलं आहेत, सहसंबंध उणे ०.१५, आणि लेखक म्हणतात, 'संबंध आढळला नाही.' त्याची मर्यादा अधिक ०.०६ ते उणे ०.३५. तुमच्या २२ पानांत अशाच दोन अभ्यासांबद्दल 'निष्कर्षांत एकवाक्यता नाही' असं लिहिलंय. पण दोन्ही मर्यादा शेजारी ठेवून पाहा: त्या बऱ्याच अंशी एकमेकींवर बसतात. हे दोन अभ्यास भांडत नाहीत, दोन्ही एकच गोष्ट अंधुकपणे सांगताहेत. एकाला 'लक्षणीय' असल्याचं तारांकित चिन्ह मिळालं आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरून मतभेद जाहीर करणं ही आढाव्यांत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती अनुभवी माणसंही करतात.

भाषेच्या रकान्यावर मी जास्त जोर देते, कारण बडोद्यात ती अडचण रोजची आहे. इंग्रजी स्केलमध्ये 'वरी' आणि 'अँग्झायटी' हे दोन वेगळे शब्द आहेत. गुजराती अनुवादात दोन्हींना सहज 'चिंता' येतं. मराठीत आपण पहिल्याला 'काळजी' म्हणू, पण दांडिया बाजारात मराठी घरात वाढलेलं आणि गुजराती माध्यमात शिकलेलं मूल 'काळजी' वाचून काय समजेल? गुजरातीत 'काळजी राखजे' म्हणजे जपून राहा. ज्या दोन भागांचा फरक तुम्हाला तपासायचाय तो अनुवादातच पुसला गेला, तर निकालाला काय अर्थ उरला? म्हणून पेपर वाचताना पाहा: अनुवाद कोणी केला, तो उलट इंग्रजीत करून पडताळला का, दोन्ही भाग गुजरातीत वेगळे निघतात का हे तपासलं का. बऱ्याच पेपरांत 'स्केलचे गुजराती भाषांतर वापरले' एवढं एकच वाक्य असतं. ते तसंच नोंदवा. कदाचित तुमच्या आढाव्यातला सर्वांत भक्कम मुद्दा याच रकान्यातून निघेल.

मूळ पेपर वाचण्याबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी लिहिलं होतं की यर्किस आणि डॉडसन यांनी १९०८मध्ये दाखवलं, मध्यम चिंतेत कामगिरी सर्वांत चांगली होते. सोबत उलट्या 'यू'सारखी आकृतीही काढली होती. व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, 'त्यांचे विद्यार्थी कोणत्या इयत्तेतले होते?' मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तो पेपर पाहिलाच नव्हता. एका पाठ्यपुस्तकातून वाक्य उचललं होतं. ते प्रयोग उंदरांवर होते. उंदरांनी काळी आणि पांढरी पेटी ओळखायची होती, चुकले की विजेचा धक्का. ओळखणं अवघड असताना मध्यम धक्क्याने ते लवकर शिकले. सोपं असताना धक्का जितका जोराचा तितकं लवकर. चिंता कुणी मोजलीच नव्हती. तो दिवस मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून जो पेपर मी उघडलेला नाही त्याचा दाखला मी देत नाही. तुमच्या पान सातवर हेच यर्किस-डॉडसनचं वाक्य आहे. तो पेपर शंभर वर्षांहून जुना, इंटरनेटवर मोफत मिळतो. एक तास काढून वाचा, आणि मग ते वाक्य ठेवायचं की नाही ते ठरवा.

याच कारणाने चॅटबॉटकडून संदर्भ घेऊ नका. लेखक, साल, जर्नल सगळं खरं वाटतं आणि पेपर अस्तित्वातच नसतो. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात असे तीन निघाले. प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून उघडून पाहा. मागे घेतलेल्या पेपरांचंही तेच. मानसशास्त्रज्ञ डीडरिक स्टापेल यांचं बनावट डेटाचं प्रकरण २०११मध्ये उघड झालं आणि त्यांचे ५८ पेपर रद्द झाले, तरी त्यांचे दाखले पुढेही दिले जात राहिले. संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर झोटेरो मोफत आहे आणि तुमच्या संग्रहातला पेपर मागे घेतला गेला असेल तर तसं दाखवतं. आजच बसवून घ्या.

लिहायला बसाल तेव्हा तक्ता मिटून ठेवा आणि एकेका मुद्द्याला एक वाक्य लिहा, ज्यात कोणाचंही नाव नाही. उदाहरणार्थ: 'परीक्षेच्या चिंतेचा मार्कांशी असलेला संबंध नकारात्मक पण लहान आहे, आणि तो मुख्यतः काळजीच्या भागातून येतो, मात्र गुजराती माध्यमाच्या मुलांत हे दोन भाग वेगळे मोजलेले अभ्यास मला सापडले नाहीत.' हे वाक्य परिच्छेदाच्या डोक्यावर ठेवा. मग तक्ता उघडा आणि त्याला आधार देणारे, त्याला छेद देणारे अभ्यास खाली आणा. नावं कंसात जातील, मुद्दा वाक्यात राहील. मुद्दे पाच-सहाच निघतील, आणि २२ पानांची बारा होतील.

आपल्याच विद्यापीठात याचा एक जुना धडा आहे. १९७४ साली सेंटर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशनने प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं मोठं सर्वेक्षण काढलं. इंटरनेट नसताना देशभरातले प्रबंध जमवून त्यांचे सारांश त्यात दिलेत. पण प्रत्येक विभागाच्या आरंभी त्या क्षेत्राचा कल सांगणारं लेखन आहे, आणि सारांश त्याच्या मागून येतात. लायब्ररीत जाऊन एक विभाग काढा आणि आधी कल, मग सारांश असं वाचा. यादी कुठली आणि आढावा कुठला हे तिथे एकाच पुस्तकात दिसतं.

शेवटी 'गॅप', म्हणजे आधीच्या संशोधनातली उणीव. तुम्ही लिहिलंय, 'बडोदा शहरात या विषयावर संशोधन झालेले नाही.' शहराचं नाव बदललं म्हणून उणीव तयार होत नाही. राजकोट किंवा धुळ्यातही ते झालेलं नसेल. बडोद्यात वेगळं काय आहे, ज्यामुळे उत्तर बदलू शकेल, ते सांगा. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि 'नीट' प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये तिसरी असलेली मुलं, हे खरं कारण होऊ शकतं.

थांबायचं कधी? सलग चार-पाच नव्या पेपरांच्या संदर्भसूचीत तुम्हाला अनोळखी काही सापडेनासं झालं की शोध थांबवा आणि लिहा. सबमिशनच्या महिनाभर आधी वहीतले तेच शब्द त्याच डेटाबेसांत पुन्हा टाकून मधल्या काळात काही नवीन आलंय का ते पाहा. वही नीट ठेवली असेल तर ते एका दुपारचं काम आहे.